फाटकापलीकडची आई : क्वेबेकची संत मारी

आपल्या धर्मग्रामात आज एखादेच घर असे असेल, ज्या घरातले कुणी परदेशी नाही. कुणाचा मुलगा आखातात, कुणाची मुलगी कॅनडात. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पटांगणात उभ्याउभ्या आपण एकमेकांना तिकडच्या बर्फाचे फोटो दाखवतो, नातवंडांची खुशाली सांगतो. तो थंड देश कसा वसला, तिथे मुलींची पहिली शाळा कुणी उघडली, हे मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. म्हणून ह्या रविवारी आम्ही तुमच्यासमोर एका संत स्त्रीचे चरित्र ठेवत आहोत. तिचे नाव मारी ग्युयार. संन्यस्त जीवनात तिने देहधारणेची मारी हे नाव घेतले. क्वेबेकच्या ख्रिस्तसभेला ती आईच्या ठिकाणी आहे.

हे चरित्र वाचताना आम्हाला स्वतःलाच मध्ये थांबावे लागले. संतांची चरित्रे आपण बहुधा हात जोडून वाचतो. पण ह्या चरित्रात एक मुलगा आहे, जो मठाच्या फाटकाशी उभा राहून आपली आई परत मागतो. आणि त्याच चरित्रात पुढे काही मुली आहेत, ज्या मठाचे कुंपण ओलांडून आपल्या आईकडे पळून जातात. ह्या दोन्ही गोष्टी झाकून ठेवल्या, तर चरित्र गुळगुळीत होईल, पण खरे राहणार नाही.

पाववाल्याची मुलगी

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात हुतात्मा झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २८ ऑक्टोबर १५९९ रोजी फ्रान्समधील तूर ह्या गावी मारीचा जन्म झाला. तिचे वडील फ्लोराँ ग्युयार ह्यांचा पाव भाजण्याचा धंदा होता. घर श्रीमंत नव्हते, पण कष्टाळू आणि भाविक होते. मारीला लहानपणापासूनच मठात जाण्याची ओढ होती. आईबापांना मात्र तिचा हसरा स्वभाव पाहून ती संसारालाच योग्य वाटली. वयाच्या सतराव्या वर्षी तिचे लग्न क्लोद मार्तँ ह्या रेशमाच्या कारखानदाराशी झाले.

२ एप्रिल १६१९ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचेही नाव क्लोद ठेवले. बाळ सहा-सात महिन्यांचे असतानाच नवरा वारला. एकोणिसाव्या वर्षी पदरात तान्हे मूल, बुडत आलेला धंदा आणि डोक्यावर कर्ज, अशा अवस्थेत ती विधवा झाली. पुन्हा लग्न करावे म्हणून नातेवाईक मागे लागले. तिने ते ऐकले नाही. कारखाना मोडून देणी भागवली आणि मुलाला घेऊन ती वडिलांच्या घरी परतली.

२४ मार्च १६२० रोजी, देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाच्या सणाच्या आदल्या दिवशी, ती कामासाठी रस्त्याने चालली असता तिला एक विलक्षण आध्यात्मिक अनुभव आला. आपल्या आयुष्यातले सारे दोष तिला एकाच क्षणी डोळ्यांपुढे दिसले आणि ख्रिस्ताच्या रक्ताने आपण धुतले जात आहोत असे वाटले. जवळच्या मठाच्या चर्चमध्ये जाऊन तिने तिथल्या धर्मगुरूंपाशी पापनिवेदन केले. त्या दिवसाला ती आपल्या परिवर्तनाचा दिवस मानत असे.

पण परिवर्तन झाले म्हणून चूल सुटली नाही. तिची बहीण आणि मेव्हणे पोल ब्युइसाँ ह्यांचा मालवाहतुकीचा मोठा व्यवसाय होता. मारी त्यांच्या घरी कामाला लागली. सुरुवातीला स्वयंपाकघरात मोलकरणीसारखी राबली. नोकरचाकर आजारी पडले तर त्यांची सेवा करू लागली. पुढे मेव्हण्याच्या साऱ्या व्यवसायाचा कारभार तिच्याकडे आला. घोडे, गाडीवान, लुआर नदीच्या धक्क्यावर चढणारा-उतरणारा माल, हिशेबाच्या वह्या हे सर्व ती पाही. माणसांच्या गलबल्यात उभी असतानाही तिची प्रार्थना चालू असे. आपल्यातल्या ज्या भगिनी लोकलच्या गर्दीत रोझरी पूर्ण करतात, त्यांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही.

फाटकाशी उभा राहिलेला मुलगा

मठाची ओढ मात्र गेली नव्हती. क्लोद बारा वर्षांचा होत आला, तेव्हा तिने उर्सुलाईन भगिनींच्या मठात प्रवेश करण्याचे ठरवले. मुलाला कुणी स्पष्ट सांगितले नव्हते, पण घरातल्यांचे चेहरे पाहून त्याने काय ते ओळखले. तो घरातून निघून गेला. तीन दिवस त्याचा पत्ता नव्हता. येशू मंदिरात हरवला तेव्हा पवित्र मरियेची काय अवस्था झाली असेल, हे त्या तीन दिवसांत मारीला उमगले. मुलगा सापडला. तरीही तिने निर्णय बदलला नाही. २५ जानेवारी १६३१ रोजी, मुलाला बहिणीच्या हवाली करून ती मठाचे दार ओलांडून आत गेली.

त्यानंतर जे घडले ते सबंध तूर गावाने पाहिले. क्लोदचे शाळासोबती त्याच्यासाठी चिडले आणि टोळीने मठावर चालून आले. त्यांनी आरडाओरडा केला, दाराशी धुमाकूळ घातला. त्या गोंगाटात क्लोदचा आवाज तिला वेगळा ऐकू येई. तो आपली आई परत मागत होता. चर्चच्या जाळीतून तो आत डोकवायचा, मठातले दार उघडे दिसले की आत शिरायचा. आत बसलेली आई सारे ऐकत होती. गावात लोक तिला नावे ठेवत होते. मठातल्या भगिनींनाही वाटले, की आता हिला घरी पाठवावेच लागणार. तिला स्वतःलाही तीच भीती होती. तरी ती थांबली.

हे तिने बरोबर केले का? आम्ही ह्या प्रश्नाचे सोपे उत्तर देणार नाही. त्या काळी विधवेने संन्यास घेणे नवे नव्हते आणि देव आपल्याला बोलावत आहे ह्याविषयी तिच्या मनात शंका नव्हती. पण मुलाचे रडणेही खोटे नव्हते. पुढच्या आयुष्यात तिने ह्या दुःखावर कधी पांघरूण घातले नाही. मुलाला लिहिलेल्या पत्रांत तिने स्वतःला क्रूर आई म्हणवून घेतले आणि त्याची क्षमा मागितली. संतपद म्हणजे जखम नसणे नव्हे, हे आम्ही इथे शिकलो.

समुद्रापार

१६३३ साली तिने अखेरचे व्रत घेतले. आता आपण तिला मदर मारी म्हणू या. त्याच सुमारास त्यांना एक स्वप्न पडले. डोंगर, दऱ्या आणि दाट धुक्याने भरलेला एक अफाट प्रदेश, एक लहानसे चर्च आणि बाळ येशूला घेऊन बसलेली पवित्र मरिया, असे ते दृश्य होते. त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक येशूसंघीय फादरांनी त्यांना सांगितले, की तो प्रदेश कॅनडा असावा.

कॅनडात तेव्हा होते तरी काय? १६०८ साली सामुएल द शाँप्लँ ह्यांनी सेंट लॉरेन्स नदीच्या काठी क्वेबेकचे ठाणे वसवले होते. १६३५ च्या नाताळच्या दिवशी ते तिथेच वारले. तोवर ती वसाहत म्हणजे काही शे माणसांची वस्ती होती. शेतीपेक्षा केसाळ कातड्यांचा व्यापार मोठा होता. बीव्हर नावाच्या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या लोकरीपासून युरोपात उंची टोप्या बनत आणि त्या लोकरीसाठी फ्रेंच व्यापारी मूळ रहिवाशांवर अवलंबून होते. हुरॉन लोक फ्रेंचांचे मित्र होते. दक्षिणेकडचे इरोक्वा लोक डच व्यापाऱ्यांकडून बंदुका घेत. त्यामुळे जुन्या वैराला नवी धार आली होती. अशा ठिकाणी मुलींची शाळा काढायला बायका जाणार, हे ऐकून पुष्कळांनी डोक्याला हात लावला.

मादाम द ला पेल्त्री नावाच्या एका श्रीमंत विधवेने आपली संपत्ती ह्या कामाला दिली आणि ती स्वतःही निघाली. ४ मे १६३९ रोजी दिएप बंदरातून त्यांचे जहाज सुटले. त्यात तीन उर्सुलाईन भगिनी होत्या, रुग्णालय सुरू करण्यासाठी निघालेल्या तीन ऑगस्टिनियन भगिनी होत्या आणि येशूसंघीय धर्मगुरूही होते. वाटेत धुक्यात एक प्रचंड हिमखंड जहाजावर आदळता आदळता राहिला. जवळजवळ तीन महिन्यांनी, १ ऑगस्ट १६३९ रोजी त्या क्वेबेकच्या भूमीवर उतरल्या. मदर मारी तेव्हा ३९ वर्षांच्या होत्या. फ्रान्सचा किनारा सुटला, त्यानंतर मायलेकांची ह्या जगात पुन्हा भेट झाली नाही.

देवीची साथ

नदीकाठच्या लहानशा दोन खोल्यांच्या घरात शाळा सुरू झाली. फ्रेंच वसाहतकऱ्यांच्या मुली आल्या, तशाच मूळ रहिवाशांच्याही मुली आल्या. काहींना आईबाप आणून सोडत, काहींना धर्मगुरू घेऊन येत. थंडीपासून बचाव म्हणून त्या मुलींच्या अंगाला प्राण्यांची चरबी चोळलेली असे. भगिनी त्यांना न्हाऊ घालत, कपडे शिवून देत, वाचन, शिवणकाम आणि धर्मशिक्षण शिकवत. मुलींना भेटायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मक्याच्या कण्यांचे भांडे चुलीवर तयार असे. कुणी उपाशी परत जाऊ नये, हा मदर मारींचा दंडक होता.

पहिल्याच हिवाळ्यात देवीची साथ आली. शाळेचे रुग्णालय झाले. जमिनीवर अंथरुणे पसरली होती आणि एका आजारी मुलीला ओलांडून दुसरीकडे जावे लागे. भगिनींनी आपल्या अंगावरचे कपडेसुद्धा फाडून पट्ट्यांना दिले. चार मुली दगावल्या. बाहेरच्या वस्त्यांमध्ये तर मृत्यूने थैमान घातले होते. मूळ रहिवाशांपैकी अनेकांना वाटले, की हे परके लोक आणि त्यांचा बाप्तिस्माच मरण घेऊन आला. बाप्तिस्म्याने कुणी मरत नव्हते. पण हा रोग गोऱ्या माणसांच्या जहाजांतूनच आला होता आणि त्या लोकांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती नव्हती, हे आज सर्वांना मान्य आहे. ज्यांना तारायला म्हणून गेले, त्यांच्याच दारी मरण पोहोचले. वसाहतीच्या इतिहासातील ही वेदना आपण विसरता कामा नये.

चाळिशीच्या उंबरठ्यावर मदर मारी परकी भाषा शिकायला बसल्या. सुरुवातीला डोके दुखून येई. पण त्यांनी आधी अल्गोंकिन आणि मग, पन्नाशीत, हुरॉन भाषा शिकून घेतली. उतारवयात त्यांनी इरोक्वा भाषेचाही कोश तयार केला. प्रार्थना, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे, बायबलमधील कथा त्यांनी ह्या भाषांतून लिहिल्या आणि हिवाळ्याच्या लांबलचक दिवसांत त्या तरुण भगिनींना शिकवल्या. ते सारे हस्तलिखित आज हरवले आहे. मुलींनी फ्रेंच शिकावे हे खरे, पण शिकवणाऱ्यांनीही मुलींची भाषा शिकावी, असा त्यांचा आग्रह होता.

कुंपणावरून जाणाऱ्या मुली

१६४२ साली गावाच्या वरच्या भागात दगडी मठ उभा राहिला. शाळा वाढली. मूळ रहिवाशांच्या मुलींनी फ्रेंच मुलींसारखे व्हावे, फ्रेंच बोलावे, फ्रेंच रीतीने राहावे आणि पुढे त्यांच्यातून नवा ख्रिस्ती समाज घडावा, अशी फ्रान्समधील सरकारची इच्छा होती. सुरुवातीला भगिनींनाही ते शक्य वाटले.

तसे झाले नाही. रानात मोकळ्या वाढलेल्या मुली चार भिंतींत कोमेजत. काही आजारी पडत. काही जणी संधी मिळताच खारीसारख्या सरसर कुंपणावर चढत आणि रानात आपल्या माणसांकडे निघून जात. कधी आईबापच येत. आपल्या मुलीचे मन उदास झाले हे कळल्यावर ते तिला ठेवायला तयार नसत. पोरे हा त्यांचा जीव की प्राण होता.

मदर मारींनी काय केले? त्यांनी मुलींना जाऊ दिले. जबरदस्तीने डांबून ठेवल्यास आईबापांशी वैर येईल, हे त्यांना दिसत होतेच. पण आम्हाला वाटते, की ज्या बाईने आपल्या मुलाचा आवाज फाटकापलीकडून ऐकला होता, तिला ह्या मुलींची तगमग इतरांपेक्षा लवकर कळली असावी. १६६८ मध्ये, जवळजवळ तीस वर्षांच्या अनुभवानंतर, त्यांनी मोकळेपणाने लिहून कळवले, की त्यांच्या हाताखालून गेलेल्या शंभर मुलींपैकी जेमतेम एक फ्रेंच वळणाची झाली असेल. त्या मुलींची बुद्धी किंवा भक्ती कमी आहे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांच्यातल्या कित्येक जणींची श्रद्धा पाहून त्या स्वतः थक्क होत. मुली ख्रिस्ती झाल्या, प्रार्थना शिकल्या, पण फ्रेंच झाल्या नाहीत. आणि ख्रिस्ती होण्यासाठी फ्रेंच होण्याची गरजही नव्हती.

आगीची रात्र

१६४९ साली इरोक्वांनी हुरॉन लोकांची गावे उद्ध्वस्त केली. संत जाँ द ब्रेबफ ह्यांच्यासारखे धर्मगुरू त्याच वर्षी हुतात्मा झाले. वाचलेले काही शे हुरॉन लोक १६५० साली क्वेबेकच्या आश्रयाला आले. मठातले अन्न त्यांच्यासाठीही शिजू लागले.

त्याच वर्षी ३० डिसेंबरच्या रात्री मठाला आग लागली. कडाक्याच्या थंडीत पावाचे पीठ गोठू नये म्हणून एका तरुण सिस्टरने पीठ मळण्याच्या लाकडी पेटाऱ्याखाली निखारे ठेवले होते. ते काढायला ती विसरली. पाववाल्याच्या मुलीने उभारलेला मठ पावाच्या पिठापायी एका रात्रीत राख झाला. भगिनी आणि मुली अनवाणी, अंगावरच्या कपड्यांनिशी बर्फात उभ्या होत्या. कुणाचाही जीव गेला नाही, ही देवाची कृपा. त्या सिस्टरला दोष देत बसण्यात मदर मारींनी वेळ घालवला नाही.

आता ह्या भगिनी फ्रान्सला परत जाणार असे सर्वांना वाटले. तेव्हा निर्वासित हुरॉन लोकांनी सभा भरवली. स्वतःचे गाव, शेते, मुलेबाळे गमावलेली ती माणसे होती. त्यांच्यापाशी मौल्यवान असे काही उरले असेल, तर ते होते शिंपल्यांच्या मण्यांचे दोन पट्टे. प्रत्येकात १,२०० मणी होते. त्यांनी ते भगिनींना अर्पण केले. एक पट्टा भगिनींचे पाय ह्या भूमीत घट्ट रोवले जावेत म्हणून, दुसरा नव्या घराचा पाया घातला जावा म्हणून. देणगी कुणी कुणाला द्यायची, हा हिशेबच तिथे उलटा झाला.

भगिनी राहिल्या. एकावन्न वर्षांच्या मदर मारी बांधकामावर स्वतः देखरेख करू लागल्या, परातींवरून, शिड्यांवरून वरखाली करू लागल्या. लुआरच्या धक्क्यावर शिकलेला कारभार इथे कामी आला. १६५२ च्या मे महिन्यात जुन्या पायावर नवा मठ उभा राहिला.

वसाहतीचा देश होताना

१६६३ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई ह्याने व्यापारी कंपनीच्या हातून वसाहत आपल्या ताब्यात घेतली. त्या वर्षापासून १६७३ पर्यंत सुमारे ८०० तरुण मुली राजाच्या खर्चाने संसार थाटण्यासाठी क्वेबेकला पाठवल्या गेल्या. १६६५ साली सैन्याची मोठी पलटण आली आणि झाँ तालों हे कारभारी आले. १६६६ च्या पहिल्या शिरगणतीत वसाहतकऱ्यांची संख्या ३,२१५ भरली. त्यांत मूळ रहिवासी धरलेले नव्हते. ज्यांची ती भूमी होती, ते मोजणीत नव्हते.

त्याच वर्षी शरद ऋतूत फ्रेंच सैन्याने इरोक्वांची गावे आणि साठवलेला मका जाळला. पुढच्या वर्षी तह झाला. मदर मारींच्या पत्रांत ह्या विजयाबद्दल आनंद आहे, हे आम्ही लपवत नाही. १६६० साली हल्ल्याच्या भीतीने रात्री मठ रिकामा करावा लागला होता, तेव्हा त्या मोजक्या भगिनींसह मागे राहिल्या होत्या. भीतीचे ते दिवस त्या विसरल्या नव्हत्या. संतही आपल्या काळाची माणसे असतात. पण तह झाल्यावर त्याच इरोक्वांच्या मुली शाळेत आल्या आणि मदर मारींनी त्यांना जवळ घेतले.

१६५९ साली आलेले बिशप फ्राँस्वा द लाव्हाल ह्यांनी मठाच्या नियमावलीत बदल सुचवले. मदर मारींना ते पटले नाहीत. त्यांनी आदर राखून, पण ठामपणे आपले म्हणणे मांडले. ख्रिस्तसभेत आज्ञापालन आणि स्पष्ट बोलणे ही दोन्ही एकाच माणसात राहू शकतात. पुढे पोप फ्रान्सिस ह्यांनी ह्या दोघांनाही एकाच दिवशी, ३ एप्रिल २०१४ रोजी, संत म्हणून जाहीर केले.

पत्रांतून वाढलेले नाते

आणि क्लोदचे काय झाले? फाटकाशी रडणारा तो मुलगा १६४१ साली बेनेडिक्टाईन मठात दाखल झाला आणि पुढे धर्मगुरू झाला. सेंट लॉरेन्स नदी हिवाळाभर गोठलेली असे. जहाजे उन्हाळ्यात येत आणि शरद ऋतूत परत जात. म्हणजे वर्षातून एकदाच पत्र आणि एकदाच उत्तर. दिवसभराचे काम उरकून मदर मारी रात्री मेणबत्तीच्या उजेडात लिहीत. मुलगा प्रश्न विचारी, आई उत्तर देई. तो आपल्या मनातील मोह आणि शंका सांगे, ती त्याला धीर देई. त्याच्याच आग्रहावरून तिने १६५४ साली आपल्या आध्यात्मिक जीवनाची हकीगत लिहून पाठवली. लहानपणी जी आई त्याला मिळाली नाही, ती त्याला कागदावर मिळाली. ते पुरेसे होते का, हे तोच जाणे.

३० एप्रिल १६७२ रोजी क्वेबेकच्या मठात मदर मारींनी देह ठेवला. वय ७२ वर्षांचे होते. शेवटच्या दिवसांत त्यांनी शाळेतल्या मुलींना जवळ बोलावून आशीर्वाद दिला. मुलाला निरोप पाठवला, की आपण त्याला हृदयात घेऊन स्वर्गात जात आहोत. क्लोदने १६७७ साली आईचे चरित्र आणि १६८१ साली तिची पत्रे प्रसिद्ध केली. त्या काळच्या क्वेबेकची माहिती हवी असेल, तर इतिहासकारांना आजही ती पत्रे वाचावी लागतात. आई परत मागणाऱ्या मुलानेच शेवटी आपली आई जगाला दिली.

आज आपण

मदर मारींना २२ जून १९८० रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी धन्यवादित घोषित केले. त्यांनी सुरू केलेली शाळा ही उत्तर अमेरिकेतील मुलींच्या शिक्षणाची सर्वांत जुनी संस्था मानली जाते. वृद्ध झालेल्या भगिनींनी २०१८ साली जुना मठ सोडला, पण शाळा चालू राहिली.

ही कथा इथे संपवली असती तर बरे वाटले असते. परंतु एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत कॅनडाच्या सरकारने मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा चालवल्या. त्यांतील बऱ्याच शाळा कॅथलिक संस्थांच्या हाती होत्या. १,५०,००० हून अधिक मुलांना आईबापांपासून दूर तिथे ठेवले गेले. आपल्या भाषेत बोलले म्हणून मुलांना शिक्षा झाल्या, अनेकांवर अत्याचार झाले, कित्येक मुले घरी परतलीच नाहीत. ह्या शाळांचे कुंपण ओलांडणाऱ्यांना पकडून परत आणले जाई. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस स्वतः कॅनडात गेले आणि त्यांनी मूळ रहिवाशांची क्षमा मागितली.

मदर मारींची शाळा आणि ह्या शाळा ह्यांच्यात दोनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. दोन्ही एकच होत्या असे आम्ही म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या मुलाला आपल्यासारखे करावे, ही इच्छा दोन्हींत होती. फरक हा, की मदर मारींनी मुलींचे उदास चेहरे पाहिले, आपली योजना फसली हे कबूल केले आणि फाटक उघडे ठेवले. नंतरच्यांनी ते पाहिले नाही. एक आई जे तीस वर्षांत शिकली, ते ख्रिस्तसभेतील पुष्कळ जण पुढच्या काळात विसरले.

बंधू-भगिनींनो, आपल्याही घरांत फाटके आहेत. नोकरीसाठी दूर गेलेली आई, आजी-आजोबांपाशी वाढणारी मुले, वर्षातून एकदा येणारा बाप, होस्टेलवर ठेवलेले लेकरू. त्यागाचे कारण कितीही मोठे असले, तरी फाटकापलीकडून येणारा आवाज ऐकू येतो का, हे ज्याने त्याने पाहावे. त्याग करणाऱ्याने क्षमा मागायला लाजू नये, एवढे तरी ह्या संत मातेकडून घेण्यासारखे आहे. तिने आपल्या मुलापाशी क्षमा मागितली. ख्रिस्तसभेने मुलांपाशी क्षमा मागितली. आज संध्याकाळी रोझरीच्या वेळी दूर असलेल्या आपल्या मुलांची, आईबापांची नावे घेऊन एक रहस्य म्हणू या आणि शक्य असेल त्यांनी प्रार्थना आटोपल्यावर त्यांना एक फोन जरूर करावा.

संत मारीचा सण ३० एप्रिलला असतो. संत मारी, आमच्यासाठी विनंती कर.